ऑनलाइन मुलाखत: चेहऱ्याआधी आवाज

जळगावात मुलामुलींची ऑनलाइन मुलाखतीची तयारी करून घेताना मी आधी कूलर बंद करायला लावते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना हे जिवावर येतं, पण ती घरघर गाळताना ॲप शब्दांची टोकंही खातं. ‘नमस्कार’मधला ‘न’ जातो आणि पोरगं पुटपुटतंय असं पलीकडे वाटतं. म्हणून खोली आधीच गार करायची आणि पाच मिनिटं राहिली की बटण बंद. पत्र्याच्या किंवा रिकाम्या स्लॅबच्या खोलीत आवाज घुमतो. समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या की बराच बसतो. इअरफोन वायरचाच, माइक शर्टाला घासणार नाही असा.

आवाजावर मी एवढी अडून बसते, कारण यंत्राचा दोष माणसाच्या नावावर जमा होतो. न्यूमन आणि श्वार्झ यांच्या 2018 च्या प्रयोगात तीच मुलाखत खराब आवाजात ऐकवली, तर बोलणारा कमी हुशार वाटला. आवाज उशिरा पोहोचला तरी तेच: माणूस लक्ष देत नाही असं वाटतं. त्यामुळे स्पीडपेक्षा पिंग बघा, म्हणजे नेटवरून सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, तो जितका कमी तितका बरा; घरातले बाकीचे फोन वायफायवरून काढा. प्रश्न संपला की आधी मान हलवायची, मग बोलायचं. म्हणजे एकमेकांवर बोलणं आदळत नाही.

चेहऱ्याबद्दल मत बनायला सेकंदाचा दहावा भागही पुरतो, हे विलिस आणि तोदोरोव यांनी 2006 मध्ये दाखवलं. तेवढ्यात दिसतो तो उजेड. खिडकी समोर हवी, पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो. दुपारचं ऊन थेट येत असेल तर खिडकीला पांढरी ओढणी लावा. मोबाइल डब्यांवर, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत. हातात धरलात तर नाकपुड्या दिसतात आणि चित्रही हलतं. पाठीमागे पुस्तकं किंवा कुंडी असली तर उत्तम, साधी भिंतही चालेल.

आणि नाव! कॅमेरा सुरू होण्याआधी पलीकडे तेच दिसतं. तिथे ‘रेडमी’ किंवा ‘पप्पा’ नको. स्वतःचं पूर्ण नाव आदल्या दिवशीच टाका.

लाइट जाणारच असं धरून चाला. राउटर इन्व्हर्टरवर, दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला तयार. परत जोडलात की माफीचा पाढा नको, एवढंच म्हणा: “सर, वीज गेली होती. तुमचा प्रश्न मी इथपर्यंत ऐकला,” आणि तिथूनच उत्तर पुढे न्या.