गटारीनंतरचा सोमवार

"छान की. सोडतो म्हणतायत तर सोडू द्या, श्रावण संपला की घेऊन या इकडं."

नवरा श्रावणासाठी दारू सोडतोय म्हणून गटारीच्या आठवडाभर आधी एका बाईंचा फोन आला, तेव्हा हे मीच बोलले होते. समाजकार्यात एमएसडब्ल्यू करून व्यसनमुक्ती केंद्रात लागल्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती मला. रोज किती पितात, सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात का, यातलं एकही विचारलं नाही. जेवायची वेळ होती, डबा उघडलेला होता.

पहिल्या श्रावणी सोमवारी सकाळी सातला त्याच बाईंचा फोन. "ताई, हे रात्रभर झोपले नाहीत. भिंतीवरच्या मुंग्या वेचतायत. मुंग्या नाहीयेत हो."

गटारी गुरुवारी झाली होती. म्हणजे शेवटची बाटली गुरुवारी रात्री. मी मनात तास मोजले आणि म्हटलं, "१०८ ला फोन लावा, मी निघालेच."

दारू मेंदूला गुंगवते. वर्षानुवर्षं रोज प्यायलं की मेंदू त्या गुंगीच्या उलट जोर लावून चालायला शिकतो. दारू एकदम बंद झाली की गुंगी जाते, जोर मात्र तसाच राहतो. सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास, घाम, ताप. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आम्ही नुसतं डीटी. सगळ्यांनाच असं होत नाही, पण ज्याला होतं तो उपचारांवाचून दगावूही शकतो. पिऊन माणूस मरतो हे सगळ्यांना माहीत असतं. देवासाठी सोडली आणि जिवावर बेतलं, हे कुणाच्या डोक्यात येणार? श्रावणाचा पहिला आठवडा आणि गणपती बसल्यावरचे दोन-तीन दिवस आमच्याकडं असे फोन येतातच.

पुण्यातल्या जनता वसाहतीत पर्वतीच्या उतारावर त्यांचं घर. अँब्युलन्स खाली रस्त्यावरच थांबली, वरची वाट पायऱ्यांची. दारात लिंबू-मिरची, आत धुपाचा धूर. आजी म्हणजे त्याची आई, मला बघून म्हणाली, "बाहेरचं काहीतरी लागलंय, बाई. अमावास्येला रात्री उशिरा आला होता." शनिवारी त्याला फिट येऊन गेली होती. जवळच्या एका दवाखान्यात 'अशक्तपणा' म्हणून ग्लुकोजची बाटली लावून घरी पाठवलं होतं. पितो का, हे तिथंही कुणी विचारलं नाही. अशा पेशंटला आधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यावं लागतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मी चिडले, पण न विचारणाऱ्यांत माझाही नंबर होताच की.

तो कॉटच्या कडेला ताठ बसलेला. बनियन घामानं चिंब. मुंग्या संपल्या होत्या. उजव्या हाताची मूठ हवेत धरून तो मनगट पुढं-मागं पिळत होता, डावीकडं वळून बघत होता, उजवा पाय मधूनच फरशीवर दाबत होता. बायको हळूच म्हणाली, "रिक्षा चालवतायत."

डीटीमध्ये माणूस असा आपला धंदा करत बसलेला दिसतो. शिंपी सुई ओवतो, वेटर टेबल पुसतो. दोन पोरं त्याला उचलायला पुढं झाली तसा तो अंगावर धावून आला, "ए, गाडीला हात लावायचा नाय!"

भासाशी वाद घालायचा नाही आणि त्यात सामीलही व्हायचं नाही, असं आम्ही घरच्यांना बजावतो. मी जाऊन त्याच्या शेजारी कॉटवर बसले.

"कुठं?" माझ्याकडं न बघताच त्यानं विचारलं.

"ससून."

"मीटरनं होईल. मंडईकडं जाम असंल."

"चालेल. पण गाडी खाली लावलीय ना तुम्ही?"

तो थबकला, मूठ उघडून बघितली. मग उठला, खुंटीवरचा खाकी शर्ट काढून घातला, बटणं मात्र लागेनात. ती बायकोनं लावली. दोन्हीकडून पोरांच्या आधारानं तो सगळ्या पायऱ्या उतरला, खालच्या वळणावर तोंडानं हॉर्नही वाजवला. अँब्युलन्समधल्या डॉक्टरांनी नाडी बघितली, एकशे तीसच्या वर.

ससूनच्या कॅज्युअल्टीत मी एवढंच सांगितलं: रोज तीन क्वार्टर देशी, शेवटची गुरुवारी रात्री, शनिवारी फिट, ग्लुकोज चढलंय. पुढचं त्यांनी केलं. आजी बाकावर जपमाळ धरून बसली होती. तिनं विचारलं, "मग देवासाठी सोडायची पण नाही का?" मी म्हटलं, "सोडायची. पण आधी आम्हाला सांगून." तिला ते पटलेलं दिसलं नाही.

पाचव्या दिवशी तो शुद्धीवर आला. रिक्षाचं काही आठवत नव्हतं. नंतर महिनाभर आमच्याकडं राहिला, दिवाळीपर्यंत नीट होता, मग पुन्हा सुरू झाली. फॉलोअपला येणंही बंद झालं.

पुढच्या वर्षी गटारीच्या चार दिवस आधी बायकोचा फोन आला. मी डबा बाजूला सारला आणि वही ओढली.

"ताई, यंदाचा श्रावण तुमच्याकडंच पाळायचा म्हणतायत. बेड आहे का?"