शातूचा सज्जा आणि रेन्वारचे चित्र

पॅरिसहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीने रुएल-माल्मेझों स्थानकावर उतरून सीन नदीच्या दिशेने चालत गेले की शातूचा पूल लागतो, आणि पुलाखालच्या चिंचोळ्या बेटावर मेझों फुर्नेझ ही उपाहारगृहाची जुनी इमारत दिसते. तिच्या वरच्या मजल्यावरील सज्जा पाहण्यासाठीच मी इथवर आलो होतो. ‘नौकाविहार करणाऱ्यांचे भोजन’ हे फ्रेंच चित्रकार ओग्युस्त रेन्वारचे चित्र १९२३ पासून वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रह या कलासंग्रहालयात आहे. पण त्याचा जन्म या सज्ज्यात झाला.

या उपाहारगृहाचा मालक आल्फोंस फुर्नेझ हा मूळचा नावा बांधणारा सुतार. पॅरिसहून १८३७ मध्ये रेल्वे सुरू झाल्यापासून हा नदीकाठ शहरातील माणसांच्या आवाक्यात आला होता. फुर्नेझ त्यांना नावा भाड्याने देई, त्याची पत्नी स्वयंपाक करी आणि मुलगी आल्फोन्सिन पाहुण्यांची विचारपूस करी. चित्रात कठड्यावर कोपर टेकून उभी असलेली तरुणी म्हणजे हीच आल्फोन्सिन, असे मानतात, तर डाव्या कडेला कठड्याला रेलून उभा असलेला, धिप्पाड दंडांचा तरुण हा तिचा भाऊ.

सज्ज्यात उभे राहिल्यावर पहिली जाणीव होते ती जागेच्या बेताच्या रुंदीची. सुमारे पावणेदोन मीटर रुंदीच्या कॅनव्हासवर रेन्वारने इथे चौदा माणसे, एक कुत्रा आणि फळे व बाटल्यांनी भरलेले मेज असा सारा पसारा मांडला आहे, आणि तरीही कोठेही दाटी जाणवत नाही. ही मोकळीक एका दुपारी सहज सापडलेली नाही. १८८० च्या उन्हाळ्यात सुरू झालेले हे काम पुढच्या वर्षापर्यंत चालले. मित्रमैत्रिणी आपापल्या सवडीने येऊन बसत आणि रेन्वार त्यांना चित्रात जागा देई. क्ष-किरणांच्या तपासणीत आकृत्यांमध्ये केलेले अनेक बदल दिसले आहेत. वरचे पट्टेदार छतही मागाहून घातलेले आहे, आणि मला तर तोच या चित्रातील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो, कारण त्या कापडामुळे ऊन गाळून खाली उतरते आणि विखुरलेली माणसे एकाच मैफलीतली होतात.

उजवीकडे खुर्चीवर उलटे बसलेले गुस्ताव्ह कायबोत स्वतः चित्रकार आणि नौकानयनात मुरलेले गृहस्थ होते. डावीकडे कुत्र्याशी खेळणारी आलीन शारिगो हिच्याशी रेन्वारने १८९० मध्ये विवाह केला.

प्रवाही, क्षणिक प्रकाशाचा चित्रकार म्हणून रेन्वारची ओळख सांगितली जाते, पण हा सज्जा पाहिल्यावर मला ती अपुरी वाटते. इतकी माणसे एकत्र बांधण्यासाठी त्याला रचनेचा ध्यास घ्यावा लागला, आणि १८८१ च्या अखेरीस इटलीत प्रबोधनकाळातील चित्रकार राफाएलची भित्तिचित्रे पाहून तो रेषेकडे, म्हणजे आकृतींच्या रेखीव बाह्यरेषांकडे, अधिक निर्धाराने वळला, तेव्हा त्या वळणाची सुरुवात शातूला आधीच झालेली होती.