दिवे घाटातले अंतर

पुण्यातील मुक्काम आटोपून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हडपसरमार्गे सासवडकडे निघते आणि दिवे घाट चढू लागते, त्या दिवशी घाटाच्या वरच्या अंगाला कॅमेरे घेतलेल्या माणसांची दाटी असते. खाली मस्तानी तलाव, त्याच्या वर वळणे घेत चढणारा रस्ता, रस्त्यावर पांढरी टोपी, भगवी पताका आणि डोक्यावरचे तुळशी वृंदावन यांखेरीज दुसरे काही दिसू नये इतकी माणसे, आणि या सगळ्यांच्या मध्ये जादा बैलजोड्या जुंपलेला रथ. पहिली सहा वर्षे मीही त्याच कड्यावर, ७०-३०० मिमीची, म्हणजे दूरचे जवळ ओढून दाखवणारी झूम लेन्स लावून पहाटेपासून जागा धरून बसत असे. अलीकडे मी खाली, दिंड्यांच्या बरोबरीने चालतो आणि कॅमेऱ्याला एकच ३५ मिमीची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स असते. (मिमीचा हा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ; तो जितका मोठा, तितका दृश्याचा लहान भाग चौकट भरून येतो.) रविवारी सकाळी टेकडीवर जमणाऱ्या आमच्या मित्रमंडळात या बदलावरून बराच वाद झाला. त्या वादातून माझे जे मत पक्के झाले, ते येथे सविस्तर मांडतो.

कड्यावरून ३०० मिमीला काढलेल्या फोटोत घाटाची वळणे एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात, खालच्या वळणावरच्या पताका वरच्या वळणावरच्या पताकांना टेकतात आणि गर्दी आहे त्याहून दाट वाटते. ‘टेलिफोटो (मोठ्या फोकल लेंग्थची) लेन्स दृश्य दाबते’ असे आपण सगळेच म्हणतो. माझीही अनेक वर्षे तशीच समजूत होती, पण ती खरी नाही. दृश्य दाबले जाते ते आपण लांब उभे राहिल्यामुळे. लेन्स त्या लांबच्या दृश्यातला लहानसा तुकडा उचलून मोठा करते, एवढेच. त्याच जागेवरून, पाय न हलवता, १८ मिमीला फोटो काढावा आणि घरी आल्यावर त्यातला नेमका तेवढाच भाग कापून शेजारी ठेवावा. बारकावे कमी दिसतील, पण वळणांचे एकमेकांशी असलेले नाते तंतोतंत तेच निघेल.

हे मित्रांना पटेना, म्हणून आम्ही एका सकाळी शनिवारवाड्यासमोर गेलो. बाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्यापासून दहा पावलांवर उभे राहून किट लेन्सने, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणाऱ्या साध्या १८-५५ मिमीच्या लेन्सने, १८ मिमीला एक फोटो काढला. मग सरळ मागे हटत तीस पावलांवर गेलो आणि ५५ मिमीला दुसरा काढला. ५५ ही १८ च्या जवळपास तिप्पट आणि अंतरही तिप्पट, त्यामुळे दोन्ही फोटोंत पुतळा सारख्याच आकाराचा आला. मागचा दिल्ली दरवाजा मात्र पहिल्या फोटोत आक्रसून पुतळ्याच्या मागे दूर गेलेला दिसत होता, तर दुसऱ्यात तो पुतळ्याच्या पाठीशी भक्कम उभा होता. दोन्ही फोटो मोबाइलवर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर वाद तिथेच संपला. नवी लेन्स घेण्यापूर्वी प्रत्येक हौशी छायाचित्रकाराने हा प्रयोग एकदा करून पाहावा, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी किट लेन्स पुरते, आणि लेन्स निवडणे म्हणजे उभे राहण्याची जागा निवडणे, ही गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहिली की पुढची खरेदी वेगळ्या विचाराने होते.

आता थोडा हिशेब. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे, म्हणजे त्याचा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आहे. निकॉन आणि सोनीच्या अशा कॅमेऱ्यांत फोकल लेंग्थला १.५ ने आणि कॅननच्या कॅमेऱ्यांत १.६ ने गुणले की फुल फ्रेमवरचा, म्हणजे त्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवरचा, समतुल्य आकडा मिळतो. माझी ३५ मिमी त्यामुळे साधारण ५२ मिमीसारखी वागते. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी लायका कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स लावून आयुष्यातले बहुतांश काम केले, आणि १९४७-४८ मध्ये भारतात काढलेले त्यांचे फोटो पाहताना माणसांपासून ते किती अंतरावर उभे असतील याचा अंदाज मला आता स्वतःच्या पायांनी करता येतो. उभ्या चौकटीत एखाद्या माणसाचा डोक्यापासून कमरेपर्यंतचा भाग भरायचा असेल, तर माझ्या ३५ मिमीने मला त्याच्यापासून साधारण सव्वा ते दीड मीटरवर जावे लागते. तीच चौकट ३०० मिमीने भरायची तर अकरा-साडेअकरा मीटर दूर राहावे लागते. अकरा मीटरवरच्या माणसाला आपला फोटो निघतो आहे याची गंधवार्ता नसते. दीड मीटरवर तो आपल्या डोळ्यांत पाहतो, ‘माऊली’ म्हणून हाक मारतो आणि नको असेल तर हात आडवा करतो. वारीत मला तो नकार देण्याचा हक्क समोरच्याच्या हाती असलेला हवा, हे माझ्या लेन्सच्या निवडीचे खरे कारण आहे.

अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या, बाबतीत माझे आणि आमच्यातल्या एका ज्येष्ठ मित्राचे अजून एकमत नाही. ते ५० मिमीची एफ १.८ लेन्स पूर्ण उघडून चेहरे टिपतात, मागचे सगळे लोण्यासारखे विरघळते, आणि त्यांचे चेहरे सुंदर असतात यात शंका नाही. एफपुढचा हा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ आणि छिद्राचा व्यास यांचे गुणोत्तर. ५० भागिले १.८ म्हणजे जवळपास २८ मिमी रुंदीचे छिद्र, आणि छिद्र जितके रुंद तितका फोकसबाहेरचा भाग अधिक धूसर. मी वारीत एफ ८ ठेवतो, म्हणजे माझ्या ३५ मिमीत हे छिद्र जेमतेम साडेचार मिमीचे राहते. समोरचा चेहरा स्वच्छ येतो आणि त्याच्या मागून चालणारी माणसे थोडी मऊ पडली तरी ओळखू येतात. वारकरी एकटा चालत नाही. तो दिंडीत चालतो, दिंडीला क्रमांक असतो, त्याच्या पुढेमागे गावची, घरची, नात्याची माणसे असतात. मागची माणसे पुसून टाकली की तो चेहरा कोठलाही होतो, असे माझे मत आहे आणि ते मी आग्रहाने मांडत आलो आहे.

प्रकाशाचा प्रश्न त्या दिवसांत बहुधा सोपा असतो, कारण आभाळ भरलेले असते आणि उजेड तासन्‌तास सारखा राहतो. लख्ख उन्हात एफ १६ ठेवून शटर स्पीड आयएसओच्या (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या) आकड्याइतका घ्यावा, असा जुना नियम आहे. आभाळ चांगले झाकोळलेले असेल तर दोन स्टॉप उघडून, म्हणजे उजेड दोनदा दुप्पट करून, एफ ८. म्हणून मी आयएसओ ४००, शटर १/४०० आणि एफ ८ अशी मांडणी मॅन्युअलवर, म्हणजे कॅमेऱ्यावर न सोपवता हाताने, करून ठेवतो आणि ढग दाटले तर केवळ आयएसओ वाढवतो. मॅन्युअल ठेवण्याचे दुसरे कारण धोतर-सदऱ्यांचा पांढरा रंग हे आहे. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली की तो उजेड कमी करतो आणि परीटघडीचे धोतर मळकट दिसू लागते. ऑटोवरच काढायचे असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) पाऊण ते एक स्टॉप वर न्यावे. हात हलल्यामुळे येणाऱ्या अस्पष्टतेची चिंता ३५ मिमीला फारशी नसते, कारण शटरचा आकडा समतुल्य फोकल लेंग्थहून कमी नसावा हा ठोकताळा येथे १/५० लाच पूर्ण होतो. कड्यावर ३०० मिमीला मात्र १/५०० च्या खाली जाववत नसे. आणखी एक फायदा असा, की एकच लेन्स असल्याने भुरभुर पावसात ती कधी काढावी लागत नाही. त्या दमट हवेत लेन्स बदलली आणि बॅग तशीच बंद करून ठेवली, तर दिवाळीपर्यंत काचेवर बुरशीचे जाळे दिसू लागते. माझी ७०-३०० तशीच गेली. आता सगळ्या लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून, आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवून सांभाळतो.

जवळ जाणे हे सर्वत्रच योग्य, असे मात्र मी म्हणणार नाही. कास पठारावर याच्या नेमके उलट वागावे लागते. तेथे जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो, त्यात सीतेची आसवे आणि गेंद दाटीने फुलतात, आणि एका फुलाच्या जवळ जाण्यासाठी टाकलेल्या एका पावलाखाली दहा रोपे चिरडतात. सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे फूल नखाएवढे असते. पायवाटेच्या कडेला पोटावर झोपून, हाताच्या टप्प्यात आलेले फूलच टिपायचे, असा नियम मी घालून घेतला आहे. त्यासाठी कमी फोकल लेंग्थच्या मॅक्रोपेक्षा (मॅक्रो म्हणजे बारीक वस्तू जवळून मोठ्या टिपणारी लेन्स) १०० मिमीची मॅक्रो बरी पडते, कारण तेवढाच आकार मिळवण्यासाठी फुलापासून अधिक अंतर राखता येते. जे फूल तिच्याही टप्प्याबाहेर असेल, ते डोळ्यांनी पाहून पुढे जायचे.

गेल्या वर्षी घाटाच्या निम्म्या चढावर एक आजी तुळस डोक्यावर घेऊन माझ्या शेजारून चालत होत्या. वृंदावन पितळेचे होते, त्याच्या कडेला कुंकवाचे बोट ओढलेले होते आणि डोक्यावरच्या चुंबळीची गाठ घामाने काळी पडली होती. मी कॅमेरा उचलून थांबलो. ‘फुटू काढतोस व्हय रं लेकरा?’ असे म्हणून त्यांनी पदर सारखा केला आणि तुळशीला दुसरा हात लावला. तीन फोटो काढले, तिन्हींतला मधला जमला. ‘दाव की’, त्या म्हणाल्या. मी पडद्यावर फोटो मोठा करून समोर धरला. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी क्षणभरच पाहिले असेल. मग त्यांचे बोट चौकटीच्या डाव्या कडेला गेले, जेथे मागे दोन-तीन पावलांवर एक टाळकरी बाई किंचित अस्पष्ट दिसत होती. ‘ही माझी जाऊ हाय. अगं ए, हिकडं ये, तू बी आलीयास यात’, अशी त्यांनी मागे वळून हाक मारली, आणि त्या जाऊबाई टाळ थांबवून पडद्यापाशी आल्या, तोवर दिंडी आम्हां तिघांच्या दोन्ही अंगांनी वर चढत राहिली.