तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनी वाढली का नाही?

गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी, बँकेतले साहेब, मुलांचे मित्र, सगळे मला एकच विचारतात: गेमिंगचे कॉम्प्युटर बनवणारी तुमची कंपनी इतक्या वर्षांत रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या एका गाळ्याबाहेर का गेली नाही? आजवर मी हसून वेळ मारून नेली. यंदा भाच्याने कोर्सेअरचा दाखला दिला, म्हणून एकदाचे लिहून टाकतो.

दाखला खोटा नाही. कोर्सेअर १९९४ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली ती कॅश मेमरीची, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीची, मॉड्यूल बनवण्यासाठी. पेंटियम प्रो या प्रोसेसरपासून इंटेलने ती मेमरी प्रोसेसरसोबतच द्यायला सुरुवात केली, तेव्हा कोर्सेअरच्या मूळ मालाची गरजच उरेना. मग ती रॅमकडे वळली आणि पुढे पॉवर सप्लाय, कॅबिनेट, कीबोर्ड असे करत सप्टेंबर २०२० मध्ये नॅसडॅक या अमेरिकन शेअर बाजारावर पोहोचली. भाच्याचे म्हणणे असे की, वेळ पाहून वळता आले तर लहान कंपनीही मोठी होते. असेल, पण रॅमची पट्टी कुठल्याही गावात सारखीच चालते आणि खोक्यात भरून पाठवली की विकणाऱ्याचे काम संपते, हेही त्याने लक्षात घ्यावे.

आमचे काम खोके पोहोचल्यावर सुरू होते. मांडवी किंवा मिरकरवाड्याच्या बाजूच्या घरात पावसाळाभर बंद राहिलेला पीसी उघडून पाहा. स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस गंज आणि रॅमच्या सोनेरी टोकांवर मळकट थर दिसेल, कारण खाऱ्या वाऱ्यातले मीठ हवेतली ओल धरून ठेवते. म्हणून आम्ही कॅबिनेटचा पत्रा कापून, भोके पाडून झाल्यावरच पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून पक्का केलेला रंग, करून घेतो, स्क्रू स्टेनलेसचे लावतो, आत येणारी हवा जाळीतूनच यावी अशा बेताने पंखे बसवतो आणि पावसात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवायला सांगतो. अर्थिंगचा त्रास तर याहून मोठा. एप्रिल-मेमध्ये जांभ्याची जमीन कोरडी ठणठणीत पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा उपयोग जवळजवळ संपतो. अर्थची तार मुळातच जोडलेली नसेल, तर पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर घरच्या विजेच्या निम्मे व्होल्टेज येते; करंट फार थोडा असतो, पण हात लावला की मुंग्या येतात आणि गिऱ्हाईक फोन करून सांगते, ‘तुमचा पीसी शॉक मारतो.’ दोष घराच्या वायरिंगचा असतो, नाव आमचे जाते. त्यामुळे अर्थिंग तपासायचे मीटर घेऊन आम्ही प्रत्येक घरी जातो, आणि ही फेरी कुरिअरने पाठवता येत नाही. हे कारण मी सर्वांना सांगतो. ते खरे आहे, पण पुरेसे नाही.

२०२१ च्या पावसाळ्यापूर्वीपर्यंत कंपनीत माझा मावसभाऊ भागीदार होता. त्या काळात इथेरियम या डिजिटल चलनाचे मायनिंग, म्हणजे गणिते सोडवून नवी नाणी मिळवणे, गेमिंगच्याच ग्राफिक्स कार्डांवर चालत असे आणि बाजारात कार्ड मिळेनासे झाले होते. ही कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने फेब्रुवारीत आरटीएक्स ३०६० हे कार्ड काढताना मायनिंगचा वेग निम्म्यावर आणणारी मर्यादा घातली आणि मार्चमध्ये आपल्याच एका ड्रायव्हरमधून ती चुकून उठवली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत. आम्ही मात्र दर वाढण्याआधीच लोकांकडून ॲडव्हान्स घेऊन भाव ठरवून बसलो होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ३०६० टीआय कार्डांची एक लहानशी खेप मोठ्या मिनतवारीने आली, आणि घाटावरचा एक मायनिंगवाला थेट गाळ्यावर येऊन सगळ्या कार्डांना दुप्पट भाव द्यायला तयार झाला. रोख.

तो चहा पिऊन गेल्यावर आम्ही दोघे सीलबंद खोकी समोर ठेवून रात्री उशिरापर्यंत बसलो. भावाने बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला: ॲडव्हान्स व्याजासकट परत करायचा, उरलेल्या पैशांत पावडर कोटिंगची स्वतःची भट्टी घ्यायची, म्हणजे कोल्हापूरला पत्रा पाठवणे थांबेल आणि दुसऱ्यांसाठीही कॅबिनेट बनवता येतील. हिशेबात चूक नव्हती. मी म्हणालो, शब्द दिलेला आहे. तो म्हणाला, ‘आपण दुकानदार आहोत, देवळातले पुजारी नाही.’ मग मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. कार्डे बुकिंगवाल्यांनाच ठरल्या भावात गेली. पावसाळ्याआधी त्याने आपला हिस्सा काढून घेतला आणि नवी मुंबईत स्वतःचे काम सुरू केले. मावशी अजून माझ्याशी मोजकेच बोलते.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगच बंद केले आणि वापरलेली कार्डे पडत्या भावात बाजारात आली, तेव्हा मी चारचौघांत ‘बघा, सांगत होतो ना’ असे म्हणून घेतले. त्या बढाईला अर्थ नव्हता. भावाला मायनिंग करायचेच नव्हते, त्याला भट्टी हवी होती, आणि ती आजही चालली असती. तेव्हाचा मी म्हणतो की प्रश्न सचोटीचा होता. आजच्या मला शंका येते की भट्टी आली असती, माणसे वाढली असती, प्रत्येक घरी स्वतः मीटर घेऊन जाणे सुटले असते, याची मला धास्ती होती आणि दिलेला शब्द आयताच मदतीला आला. पण त्याच खेपेतले एक कार्ड पावस गावच्या ज्या मुलाला मिळाले, तो आज आमच्याकडेच मशीन जोडतो. त्याच्यासमोर ही शंका बोलून दाखवायला माझी जीभ रेटत नाही.

गेल्या महिन्यात भावाने माणसाकरवी विचारणा केली आहे की किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकांसाठी कॅबिनेट आम्ही बनवून द्यावीत, नाव त्याच्या कंपनीचे लागेल. भट्टी त्याच्याकडेही नाही. मी अजून दर कळवलेला नाही. पुढच्या गणपतीत विचारायचेच असेल, तर दर कळवला का ते विचारा.