आमची वाटचाल: घाण्याशेजारची वही

आमचा लाकडी घाणा आर्वी तालुक्यात, पुलगावकडून येणाऱ्या रस्त्याला लागून आहे. जवस, शेंगदाणा, तीळ आणि करडई, एवढ्या चारच गोष्टींचं तेल आम्ही काढतो. घरात हा धंदा पूर्वी नव्हता, शेती होती. 2020 मध्ये जवस निघाला आणि लगेच टाळेबंदी लागली. माल घरात पडून राहिला. बाजार सुरळीत झाल्यावर ह्यांनी त्यातली थोडी पोती दुसऱ्याच्या घाण्यावर नेऊन तेल काढून आणलं. ते नात्यातल्या लोकांना इतकं आवडलं की पुढच्या वर्षी आम्ही स्वतःचा घाणा टाकला. कर्ज, अन्न परवाना, वीज जोडणी, सगळं यथावकाश झालं. त्यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही.

सांगायचं आहे ते लिखाणाबद्दल. तेल काढायला शिकायला आम्हाला तीन महिने लागले, तेलाबद्दल लिहायला शिकायला तीन वर्षं.

पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं यायला लागली तेव्हा वेबसाइट केली. मजकूर कोणी लिहायचा? सकाळी सहाला बी चाळायला घ्यायचं, दुपारी बाटल्या भरायच्या, संध्याकाळी पार्सलं बांधायची. म्हणून साइट बनवणाऱ्यांकडूनच मजकूरही विकत घेतला. दिसायला छान होता. 'प्राचीन परंपरा', 'निसर्गाचं वरदान' असे शब्द होते, आणि जवसाच्या तेलाने मधुमेह व कर्करोग बरा होतो असंही ठासून लिहिलं होतं. मी तो न वाचताच चालू केला.

दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. पेशाने डॉक्टर. म्हणाले, "ताई, तेल चांगलं आहे, पण हे वाचून कोणी गोळ्या बंद केल्या तर?" त्या रात्री मला झोप लागली नाही. नंतर कळलं की कायद्यानेही ते चालत नाही. अन्नपदार्थाच्या जाहिरातीत आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंडापेक्षा त्या डॉक्टरांचं वाक्यच मनात राहिलं. सगळा मजकूर काढून टाकला. सहा महिने साइटवर नाव, भाव आणि फोन नंबर एवढंच होतं.

मग एक तक्रार आली. पुण्याच्या बाईंनी बाटलीच्या तोंडाचा फोटो पाठवला. झाकणाच्या आट्यांमध्ये पिवळसर, चिकट, सायीसारखं काहीतरी धरलेलं. खाली लिहिलं होतं, "यात काय मिसळलंय?"

आमच्याकडे ही गोष्ट रोजची आहे. घाण्याखाली फरशीवर जवसाचा थेंब सांडला आणि पुसायचा राहिला, तर चार दिवसांत त्याचं पातळ कातडं होतं. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघतो. शेंगदाण्याच्या तेलाचं असं होत नाही, ते ओलंच राहतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा अल्फा लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-3 चा असतो. ते हवेतला ऑक्सिजन पटकन ओढून घेतं आणि घट्ट होत जातं. चित्रकारांच्या तैलरंगात जवसाचं तेल वापरतात ते याच गुणामुळे. म्हणजे ती साय भेसळीची खूण नव्हती. आटे पुसून झाकण लावलं नाही, की ती धरते. हे बाईंना फोनवर समजवायला वीस मिनिटं गेली. त्या आठवड्यात तोच प्रश्न आणखी दोघांनी विचारला. पुन्हा वीस, पुन्हा वीस.

तिसरा फोन ठेवला आणि मी घाण्याशेजारी, जिथे ढेपेचा, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीचा, हिशेब लिहितो त्या वहीत मागच्या पानावर ते उत्तर लिहून काढलं. जसं फोनवर बोलले तसंच. दुसऱ्या दिवशी साइटवर टाकलं, सोबत फरशीवरच्या थेंबाचा फोटो. आता कोणी विचारलं की दुवा पाठवते. लिहायला वेळ नाही असं मी तीन वर्षं म्हणत होते, आणि तोच वेळ रोज फोनवर जात होता.

तेव्हापासून वहीच्या मागच्या पानांवर फक्त प्रश्न. कोणी विचारला, कोणत्या शब्दांत विचारला, ते तसंच्या तसं. शब्दांना महत्त्व आहे. आमच्याकडे सगळे जवसच म्हणतात. नागपूरची काही गिऱ्हाइकं अळशी म्हणतात. शहरातली तरुण मुलं फ्लॅक्ससीड म्हणून शोधतात. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात तिन्ही नावं लिहायला लागले तेव्हा अनोळखी लोक आमच्यापर्यंत पोहोचू लागले.

"एक लिटर म्हणता आणि वजन 910 ग्रॅमच कसं?" हा शेंगदाणा तेलाबद्दल ठरलेला प्रश्न. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून लिटरभर तेल किलोभर भरत नाही. जवसाचं जरा जड, 930 ग्रॅमच्या आसपास. तराजूवर बाटली ठेवून फोटो काढला, दहा ओळी लिहिल्या, संपलं. भावाच्या प्रश्नाला मात्र लांब लिहावं लागलं. जवसात तेल असतं 35 ते 40 टक्के. आमच्या घाण्यातून शंभर किलोमागे 30 किलोच्या आसपास हाती येतं, राहिलेलं ढेपेत जातं. म्हणजे एक किलो तेलाला सव्वातीन किलोहून जास्त जवस. मोठ्या कारखान्यात हेक्झेन नावाच्या द्रावकाने ढेपेतलंही तेल ओढून घेतात, म्हणून त्यांना स्वस्त परवडतं. हे आकडे उघड लिहिले तर गिऱ्हाईक जाईल, असं ह्यांचं मत होतं. मला ते पटलं नाही. ज्याला परवडत नाही तो तसाही घेत नाही, आणि जो घेतो त्याला आपण कशाचे पैसे मोजतो ते कळायलाच हवं.

लिहायची वेळ मी ठरवलेली नाही, महावितरणने ठरवलेली आहे. थ्री फेज गेली की घाण्याची लाट, म्हणजे बी रगडणारं लाकूड, थांबते, पण सिंगल फेजवर दिवा-पंखा चालतो. तो अर्धा-पाऊण तास माझा. वहीतला एक प्रश्न घ्यायचा आणि फोनवर बोलून टाइप करायचं. फोन 'घाण्याचं तेल' कधी 'घाणीचं तेल' लिहितो, 'ढेप'चं तर काहीही करतो. म्हणून छापण्याआधी सगळं मोठ्याने वाचायचं. महिन्याला एक लेख होतो, तीनशे-चारशे शब्दांचा. पेरणी-कापणीच्या दिवसांत तोही होत नाही, आणि त्याची खंत मी करत नाही.

एकदा सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. "काय लिवून राहिली वं एवढं?" मी सांगितलं, जवसाचं तेल तापवायचं नाही, तळणाला तर मुळीच नाही, हे लिहितेय. त्या म्हणाल्या, "काहून? आमी तं जवसाच्याच तेलात भाजी करत होतो." खरंच होतं. विदर्भात कितीतरी घरांत स्वयंपाकाचं तेल म्हणजे जवसाचंच होतं. मला लेख पुन्हा लिहावा लागला. जुन्या घरात हे तेल कसं वापरत ते आधी आलं: ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, वरून कच्चं तेल, आणि मंद चुलीवरची भाजी. मग आलं की जोरात तापवल्यावर हे तेल लवकर धुरावतं आणि ज्यासाठी आज लोक ते घेतात तो गुणही कमी होतो. सासूबाईंचं म्हणणं गाळून तो लेख खोटा झाला असता.

'आमच्याबद्दल'चं पानही असंच नव्याने झालं. 'प्राचीन परंपरा'च्या जागी वर्ध्याची मगनवाडी आली. डिसेंबर 1934 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत, आणि केंद्र होतं मगनवाडी. बैलघाण्यात सुधारणा करून तिथे तयार झालेली घाणी 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली. हे आमच्याच जिल्ह्यात घडलं आणि मला ते घाणा टाकल्यावर कळलं. आमचा घाणा मात्र बैलाचा नाही, मोटरवर चालतो. पानाच्या दुसऱ्याच ओळीत तेही लिहिलं आहे. बैल बघायला म्हणून गाडी करून आलेल्या एका कुटुंबाचा हिरमोड झाला होता, तो पुन्हा कोणाचा व्हायला नको.

सध्या वहीत एक प्रश्न महिनाभर पडून आहे. साताऱ्याच्या एका काकांनी विचारलं, "मागच्या खेपेचं तेल गोड होतं, या खेपेचं जरा कडवट का?" माझा अंदाज आहे की ते बी जुनं होतं. पण अंदाजावर लिहायचं नाही. ह्यांनी मागच्या सालचा आणि यंदाचा जवस वेगवेगळा काढला, दोन गडद बाटल्या भरल्या, चिठ्ठीवर तारीख घातली आणि फडताळात ठेवल्या. दर रविवारी मी, हे आणि सासूबाई चमचाभर चाखतो आणि आपापलं मत वहीत लिहितो. तीन रविवार झाले. सासूबाईंनी तिन्ही वेळा जुनी बाटली बरोबर ओळखली, मी दोनदा. काकांना फोन करून सांगितलं आहे, अजून महिनाभर थांबा.