झाडाला ढीग नको, आळं हवं

मागच्या शनिवारी सकाळी एचओएच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या घरमालक संघटनेच्या, कंत्राटदाराचा ट्रक आला. पाच-सहा माणसं उतरली आणि अर्ध्या तासात आमच्या अख्ख्या गल्लीतल्या झाडांच्या बुंध्याशी काळ्या रंगाच्या मल्चचे, म्हणजे लाकडाच्या भुग्याच्या आच्छादनाचे, ढीग रचून गेली. वर निमुळते, खाली रुंद, चांगले वीतभर उंच. माझ्या डॉगवुडचं खोड त्या ढिगातून काठी रोवल्यासारखं दिसत होतं.

डॉगवुड हे फुलझाड, आणि त्याचं फूल हे आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचं राज्यफूल. आमची लेक झाली त्या वर्षी एचओएची रीतसर परवानगी काढून मी हे झाड लावलं. यंदा ते अर्ध्याच अंगानं फुललं, पश्चिमेकडच्या फांद्या कोऱ्या राहिल्या. मला वाटत होतं उन्हाचा त्रास असेल. ट्रक गेल्यावर मी खाली बसून हातानं मल्च बाजूला करायला लागले. वरचा थर नवा. त्याखाली गेल्या वर्षीचा, त्याखाली त्याच्या आधीच्या वर्षीचा, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी एकत्र चिकटलेला. तळाशी खोडाची साल ओली आणि मऊ. नख लावलं तर आत रुतलं. एक मूळ तर जमिनीत जायचं सोडून मल्चमध्येच वर चढलं होतं आणि खोडाला वळसा घालून गेलं होतं. मला रडू आलं, खरंच.

शेजारच्या निवृत्त बाई हे बघत होत्या. त्या हातात खुरपीसारखं अवजार घेऊन आल्या, काही न बोलता माझ्या शेजारी मातीत बसल्या आणि खोड जमिनीत शिरताना जिथं रुंद होतं ती जागा बोटांनी मोकळी करत गेल्या. गुडघे दुखत असताना पाऊण तास. मुळांची साल ओल सोसते, खोडाची सोसत नाही, म्हणून तेवढा भाग हवेला उघडा हवाच, असं त्यांनी सांगितलं. मल्च दोन ते तीन इंच, आणि खोडापासून चार बोटं लांब. ते वळसा घालणारं मूळ त्यांनी कात्रीनं अलगद कापून दिलं.

मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे याला आळं म्हणतात. त्यांनी तीन वेळा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा ‘आलं’च झालं. पण हातानं त्यांनी जे केलं होतं ते अगदी आळंच होतं. बुंधा मोकळा, भोवती खोलगट गोल, कडेला वरंबा, पाचोळा त्या गोलात. सांगली जिल्ह्यात वाळव्याकडे आमच्या मळ्यातल्या आंब्याला अण्णा असंच करायचे आणि नारळाच्या शेंड्या उलट्या घालून त्यावर पाणी सोडायचे. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. आणि तरी तीन वर्षं मी माझ्याच झाडाजवळून रोज गाडी काढत राहिले, ते लोक जाणकार असतील, त्यांना पैसे मिळतात, असं समजून. अण्णांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, “बुंधा झाकूस्तोवर तू कुठं होतीस गं?”

आता नवं काय घालायचं हा प्रश्न. इथल्या दुकानात पिशव्यांच्या थप्प्याच असतात. काळा रंग कार्बनचा, लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. रंगानं फारसं बिघडत नाही, पण आतलं लाकूड बऱ्याचदा जुन्या पॅलेट्सचं, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटींचं, असतं आणि ते जमिनीला फार काही देत नाही. पाइनच्या सालीचे मोठे तुकडे आमच्या उतारावरून पहिल्याच वळवात रस्त्यावर येतात. पाइन स्ट्रॉ, म्हणजे पाइनच्या वाळक्या सुया, मला मनापासून आवडतात, पण भिंत पेट घेणारी असेल तर आमच्या रॅले शहरात टाउनहाऊसपासून, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांपासून, दहा फुटांच्या आत त्या घालायला बंदी आहे. आमच्या भिंती बाहेरून विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या. २००७ साली इथल्या एका टाउनहाऊस वस्तीला मोठी आग लागली होती, तिची आठवण जुने लोक अजून काढतात. हा नियम मला पटतो.

मग मी पानं घेतली. ओकची आणि मेपलची, गेल्या हिवाळ्यात मागच्या कोपऱ्यात साठवलेली, वरून गवत कापायचं यंत्र फिरवून बारीक केलेली. इथली लाल चिकणमाती उन्हाळ्यात विटेसारखी होते, तिला वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली भुसभुशीत अवस्था, यायला पानांसारखं दुसरं काही नाही. एचओएला सगळीकडे एकसारखं दिसायला हवं, म्हणून वर सालीच्या बारीक मल्चचा पातळ थर दिला. दोन घनफुटांची पिशवी दोन इंचांच्या थराला बारा चौरस फूट पुरते. मला पातळच हवा होता, दोन पिशव्यांत भागलं.

बाई म्हणाल्या, तुमच्याकडे शेतात उसाचं पाचट, वाळलेला पाला, जाळतात ना, मी व्हिडिओ पाहिलाय. मला ते लागलं. मी जरा जोरातच सांगितलं की खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी पुढं सरकायला हवं असतं आणि पाचट ते अडवतं, मजूर मिळत नाहीत, उंदीर माजतात, आणि जाळणाऱ्याला दुसरा रस्ता कुणी दाखवलेला नसतो. अण्णांनीही जाळलं आहे. नंतर ते एकाआड एक सरीत पाचट ठेवायला लागले. आमच्या महाराष्ट्रातल्या अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी, नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्यांनी, आच्छादन आणि वाफसा हे शब्द घरोघरी नेले, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हेही सांगितलं. इथं मात्र लोक आपल्याच अंगणातली पानं फुंकून रस्त्याकडेला लावतात आणि वसंतात पैसे मोजून प्लास्टिकच्या पिशवीत लाकडाचा भुगा आणतात. तेव्हा जाळणारे एकटे आम्हीच वाया घालवतो असं नाही. बाईंनी मान हलवली. मला अजून वाटतं की मी बरोबर बोलले, आवाज तेवढा कमी ठेवायला हवा होता.

एचओएला फोटो जोडून पत्र पाठवलं आहे. सालीचा, मुळाचा, आणि शेवटी आळ्याचा. माझ्या झाडाला हात लावायचा नाही एवढंच मागितलं आहे, पण बाईंनी गल्लीतल्या बाकीच्या अकरा झाडांची यादीही त्याला जोडली. उत्तर आलेलं नाही. परवा पाऊस सांगितला आहे. त्याआधी कोपऱ्यावरच्या दोन क्रेप मर्टल या फुलझाडांचे बुंधे उघडे करायचे आहेत. बाई आठ वाजता येतो म्हणाल्या.