शिंगाळ्याच्या तोंडातली अंडी

आमच्या नंदुरबारला समुद्राचा मासा येतो तो सुरतेकडून, बर्फाच्या खोक्यात. गेल्या गुरुवारी प्रॅक्टिकलसाठी बाजारातल्या मावशींकडून सहा शिंगाळे घेतले. विच्छेदन बंद झाल्यापासून मुलांनी माशाचं आतडं फक्त चित्रात पाहिलेलं असतं. हे फार वाईट झालं, असं मला मनापासून वाटतं. खाण्यासाठी विकायला ठेवलेला मासा उघडून दाखवण्यात काय वावगं आहे?

आधी मिशा मोजायला लावल्या. तापीतल्या शिंगाड्याला चार जोड्या, समुद्राच्या शिंगाळ्याला तीनच. नाकपुडीजवळची जोडी त्याला नसते. नावं जवळची, म्हणून आपल्याकडे दोन्ही एकच समजतात. मग काटे दाखवले. एक पाठीवर, दोन छातीच्या परांना, कडेला करवतीसारखे दाते आणि वरच्या कातडीत विष. मेलेल्या माशाचा काटा बोचला तरी हात ठणकतो.

चौथ्या माशाचा जबडा एका मुलीने चिमट्याने उघडला आणि ओरडली, "सर, याना तोंडमा गोट्या शेतस!"

एकेक करून ट्रेमध्ये काढली. २७ अंडी, प्रत्येक सेंटीमीटरहून मोठं, पिवळट. भिंगाखाली बलकाला वेढून बसलेलं पिल्लू दिसलं, त्याचे दोन काळे डोळेही. सगळा वर्ग त्या भिंगावर वाकला होता.

तिने जर्नलमध्ये लिहिलं: मादी. मागच्याच परीक्षेत 'नर तोंडात अंडी उबवतो' हे वाक्य तिने अचूक लिहिलं होतं, आणि पाठ करून घेणारा मीच. पोट उघडलं तर वृषणाच्या दोन बारीक फिती. जठर रिकामं, आतडं आक्रसून दोरीसारखं झालेलं. अंडी फुटून पिल्लांचा बलक संपत येईपर्यंत, महिना-दोन महिने, हा बाप काही खात नाही.

बाकीच्या पाचांपैकी दोन नरांची जठरंही तशीच रिकामी, पण तोंडात काही नव्हतं. जाळ्यात धडपडताना अंडी तोंडातून सांडतात. त्यांचीही सांडली असतील का, हे अजून डोक्यातून जात नाही. इतर मासे लाखांनी अंडी टाकतात, याची काही डझनच. १९८० च्या दशकात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढा घालून खालून आवळल्या जाणाऱ्या जाळ्यांनी असे अंडी धरलेले नर थव्यांनी उचलले आणि तिथली शिंगाळ्याची मासेमारी ढासळली. वर्गात मी हे दर वर्षी सांगतो. ट्रे समोर असताना सांगवेना.

संध्याकाळी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, अशा गोट्या कधीकधी निघतात, साफ करताना गटारीत टाकते. पुढच्या वेळी ठेवा, असं सांगून आलो.

काल त्यांनी पिशवी दिली. आत ५२ अंडी, नीट धुतलेली. मासे सकाळीच विकले गेले होते. किती नरांच्या तोंडातली ती, हे आता कळायला मार्ग नाही.